भीतीचे मिलिमीटर

बालाघाटहून बैहरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात भरवेली येते. मँगनीजची भूमिगत खाण, मॉइल या सरकारी खाण-कंपनीची वसाहत, बाजार, खाणीतून वर आलेल्या काळपट धोंड्यांचे ढीग. आणि गाव मागे पडते न पडते तोच बांबूचे आणि सागाचे रान. हाच रस्ता पुढे गांगुलपाऱ्याच्या तलावावरून घाट चढून उकव्याला, तिथून बैहरला आणि शेवटी कान्हाच्या मुक्की दरवाजाला जातो. ऑक्टोबरपासून जूनअखेरपर्यंत नागपूर-गोंदियाकडच्या गाड्या या वाटेने वर चढतात आणि जवळजवळ प्रत्येक गाडीत एक तरी कॅमेऱ्याची जड पिशवी असते. त्या पिशवीत काय असावे, यावर निघण्याआधी महिनाभर खल झालेला असतो. ‘वाइल्डलाइफसाठी किती एमएमची घेऊ?’ दुकानदाराला विचारून होते, मित्राला विचारून होते, आणि परवडेल तेवढी लांब घे, एवढाच सगळ्यांच्या सांगण्याचा अर्थ निघतो. माझे म्हणणे असे की हे उत्तर चुकीच्या जागी शोधले जाते. लेन्स किती लांब हवी हे काच ठरवत नाही. माणूस आणि जनावर यांच्यामध्ये किती अंतर उरले आहे, त्यावरून ते ठरते. आणि हे अंतर काही निसर्गाने दोरी लावून आखलेले नाही. बंदुकीने ते वाढवले, कायद्याने काही ठिकाणी घटवले. भरवेली ते मुक्की या रस्त्यावर ते आजही डोळ्यांदेखत बदलते.

टेलिफोटो ही काही कालपरवाची वस्तू नाही. लंडनच्या थॉमस रुडॉल्फस डालमायर यांनी १८९१ मध्ये तिचे पेटंट घेतले आणि त्याच सुमारास जर्मनीत अडॉल्फ मीटे आणि श्टाइनहाइल हेही स्वतंत्रपणे तिथेच येऊन पोचले होते. पुढचे भिंग किरण एकवटते, मागचे ते थोडे फाकवते. त्यामुळे नळी आखूड राहते आणि प्रतिमा मात्र बऱ्याच लांब भिंगाची असावी तेवढी मोठी पडते. नुसती लांबलचक भिंगे दुर्बिणींमुळे आधीच ठाऊक होती. टेलिफोटोने ती उचलून नेण्याजोगी केली. १८९९ मध्ये तर डालमायर यांचे या विषयावर पुस्तकही निघाले. (जाता जाता: काचेतली लोखंडाची हिरवट झाक घालवायला काचकार शतकानुशतके मँगनीज वापरत आले आणि त्याला काचकारांचा साबण म्हणत आले. म्हणून भरवेलीचा धोंडा एखाद्या लेन्सच्या पोटात गेला असेल, असे मात्र मी म्हणणार नाही. इथला माल पोलादाच्या भट्ट्यांसाठी निघाला.) प्रश्न फक्त काचेचा असता, तर विसावे शतक उजाडताच सातपुड्यातल्या आणि मैकलच्या रांगेतल्या वाघांची दुरून घेतलेली छायाचित्रे दिसू लागायला हवी होती. तसे झाले नाही. टेलिफोटो आणि रानातला वाघ यांची गाठ नीट पडायला पाऊण शतकाहून अधिक काळ गेला.

मधल्या काळात वाघाचे छायाचित्र निघालेच नाही असे नव्हे. पण ते दुरून निघाले नाही, अगदी जवळून निघाले. संयुक्त प्रांतातले वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाघाच्या रोजच्या वाटेवर बारीक तार ताणून ठेवली. रात्री वाघाचा पाय तारेला लागला की झगझगीत उजेड पडे आणि कॅमेऱ्याची झडप उघडून मिटे. कॅमेरा वाटेला लागूनच बांधलेला, वाघ काही पावलांवर आणि छायाचित्रकार तंबूत झोपलेला. १९२७ साली आलेले त्यांचे पुस्तक या चित्रांमुळेच गाजले. त्याआधी अमेरिकेत जॉर्ज शायरस यांनी अशाच युक्त्यांनी काढलेली हरणांची आणि इतर जनावरांची रात्रीची छायाचित्रे १९०६ मध्ये नॅशनल जिओग्राफिक मासिकात छापून आली होती. शायरस मुळात शिकारी. नावेत दिवा ठेवून हरणाचे डोळे दिपवायचे आणि मग गोळी घालायची, ही शिकारीची रीत त्यांनी बंदूक काढून कॅमेरा ठेवून तशीच पुढे चालवली. आपल्या भाषेनेही हे नाते लपवलेले नाही. शिकारी सावज टिपतो, छायाचित्रकारही क्षण टिपतो. नेम दोघांनाही धरावा लागतो आणि मचाण दोघांचेही एकच. तेव्हा वाघाचे छायाचित्रण सुरू झाले ते लांब भिंगाने नव्हे, सापळ्याने. कारण साधे होते. दिवसाच्या उजेडात, मोकळ्यावर, माणसाच्या नजरेसमोर उभा राहील असा वाघ त्या काळी क्वचितच मिळे. जे दिसतच नाही, ते लांब भिंगाने मोठे करून काय होणार?

वाघ असा दिसेनासा का झाला होता, हे बालाघाटच्या इतिहासात शोधता येते. हा जिल्हा १८६७ मध्ये आखला गेला, तो बराचसा बैहरचे पठार लागवडीखाली यावे म्हणूनच. पोवार शेतकरी घाटाखालून वर येऊन वसत होते, आणि वाघ हा सरकारी दप्तरात लागवडीच्या वाटेतला अडथळा होता. मारला की बक्षीस मिळे. कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यांचे मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचे पुस्तक १८७१ चे, वनाधिकारी डनबार ब्रँडर यांचे मध्य भारतातल्या वन्य प्राण्यांवरचे १९२३ चे. दोघेही जाणते निरीक्षक, दोघेही बंदूकवाले, आणि दोघांच्या मधल्या पन्नास वर्षांत या रानातली जनावरे किती उतरणीला लागली ते पुस्तके शेजारी शेजारी ठेवली की कळते. कान्हाच्या बारासिंग्याच्या उपजातीला आज ब्रँडर यांचेच नाव आहे. शिकारीच्या रीती ठरलेल्या होत्या. एक हाका: वीस-पन्नास माणसे ओळीने ओरडत, डबे बडवत रान झाडत यायची, बाजूने निसटू पाहणाऱ्या जनावराला झाडावर बसवलेले लोक टाळ्या वाजवून परतवायचे आणि समोर बंदूक वाट पाहत असायची. दुसरी गारा: रेडकू बांधायचे, वाघाने ते मारले की जवळच्या झाडावर मचाण घालून संध्याकाळपासून दम धरून बसायचे. यात गोळी लागली नाही असा वाघ काय शिकत असेल? दिवसा हलायचे नाही, मोकळ्यावर जायचे नाही आणि माणसाची चाहूल लागली की आधी दडायचे. जे शिकले नाहीत त्यांची कातडी भिंतीवर गेली. शिकलेल्यांची पिल्लेही आईच्या मागे चालताना तेच शिकली.

भरवेलीचा या गोष्टीतला भाग याच टप्प्यावर सुरू होतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगाल-नागपूर रेल्वेची अरुंद रुळांची गाडी गोंदियाहून बालाघाटला आली आणि तिच्या आगेमागेच मँगनीजच्या खाणी उघडल्या. भूगर्भशास्त्रज्ञ लुईस लेह फर्मोर यांनी १९०९ मध्ये भारतातल्या मँगनीजवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. इथल्या मँगनीजच्या खडकाला त्यांनी गोंडांवरून गोंडाइट असे नाव दिले. खाण म्हणजे नुसते भोक नसते. तिच्याबरोबर रस्ता येतो, सुरुंग येतो, सरपण-लाकूडफाटा येतो, रात्रपाळी येते, पगार येतो आणि सुटीच्या दिवशी रानात जाणारी माणसे येतात. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या जीपगाड्या बाजारात आल्या आणि जिथे जिथे असा रस्ता होता तिथे तिथे जीप आणि प्रखर दिवा ही जोडी रात्रीच्या रानात शिरली. हाक्याला वीस माणसे लागत, जीपला दोन पुरत. स्वातंत्र्यानंतर शिकारीचे ब्लॉक परवान्याने मिळू लागले आणि परदेशी पाहुण्यांना वाघ मिळवून देणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. नागपूरची ॲल्विन कूपर त्यांतली नावाजलेली. १९४७ ते १९५१ या काळात विजयनगरमच्या महाराजकुमारांनी कान्हा परिसरात तीस वाघ मारले आणि त्यावरून ओरड झाली. तोवर वाघ इथे सरावाने निशाचर झाला होता, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

कान्हाच्या संरक्षणाची कहाणी सरळ रेषेत गेलेली नाही. १९३३ मध्ये कान्हाच्या मैदानाभोवतीचे सुमारे २५० चौरस किलोमीटर अभयारण्य झाले. दोन वर्षांनी हालोन खोऱ्यात सुपखारकडे दुसरे झाले आणि काही वर्षांतच ते मोडूनही टाकण्यात आले. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान आले. १९६३ ते १९६५ या काळात प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर इथे राहिले आणि १९६७ मध्ये त्यांचे हरीण आणि वाघ यांवरचे पुस्तक आले. चेहऱ्यावरच्या पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखत, दिवसचे दिवस बसून त्यांनी नोंदी घेतल्या. १९७० मध्ये बारासिंगे ६६ वर आले. त्याच वर्षी वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव कायदा आला आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पातल्या पहिल्या नऊ रानांत कान्हा आले. सोंफसारखी गावे गाभ्यातून उठवली गेली आणि त्यांच्या शेतांवर गवत वाढले. बैगा आणि गोंड कुटुंबांनी याची जी किंमत मोजली, ती जनावरांच्या निर्भयतेचे कौतुक करताना बहुधा हिशेबात धरली जात नाही; धरायला हवी. कारण आपण जिला ‘कान्हाची बिनधास्त जनावरे’ म्हणतो, ती निर्भयता कुणाचे तरी चालणे-फिरणे बंद करून आलेली आहे. पण ती आली, हे खरे. गोळी थांबून वाघाची एक पिढी गेली, दुसरी आली आणि वाघ उन्हात रस्त्यावरून चालू लागला. बेलिंडा राइट आणि स्टॅन्ली ब्रीडन यांचा वाघावरचा गाजलेला चित्रपट १९८५ चा; त्याचे बरेचसे चित्रण कान्हा आणि रणथंभोरला झाले. वाघीण आणि पिल्ले, दिवसाच्या उजेडात, आपल्या घरात असल्यासारखी. डालमायर यांची युक्ती वाघाच्या उपयोगी आली ती इथे. म्हणून मी म्हणतो की वन्यजीवांची टेलिफोटो छायाचित्रण-कला ही दृक्‌शास्त्राची लेक कमी आणि संरक्षणाची लेक जास्त आहे.

यावर पहिला आक्षेप कॅमेऱ्याच्या जाणकारांकडून येईल आणि तो वजनदार आहे. ते म्हणतील, हे सगळे ठीक, पण खरा अडसर होता फिल्मचा. कोडाक्रोम १९३०च्या दशकात बाजारात आली तेव्हा तिचा वेग जेमतेम १० होता. १९७४ ला ६४ वेगाची आली तरी सालाच्या सावलीत सकाळी सहा वाजता तिचा काय पाड? सिंगल लेन्स रिफ्लेक्स कॅमेरे १९५९च्या निकॉन एफनंतर पसरले, चांगला ऑटोफोकस १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आला, हात थरथरला तरी चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा अशा कॅमेऱ्यांच्या लेन्समध्ये कॅननने १९९५ मध्ये आणली. आज ६४०० आयएसओवर सहज काम होते, म्हणजे त्या ६४ वेगाच्या कोडाक्रोमच्या शंभरपट. तंत्र नव्हते म्हणून चित्रे नव्हती. तंत्र आले आणि चित्रे आली. यातले अर्धे मी मान्य करतो. पण उरलेल्या अर्ध्याची परीक्षा घ्यायला प्रयोगशाळा नको, हाच रस्ता पुरे. आजचा सर्वांत भारी कॅमेरा आणि ६०० एमएमची लेन्स घेऊन भरवेलीच्या मागच्या डोंगरात आठ दिवस पहाटे-संध्याकाळ फिरा. वाघ या रानात नाही असे नाही; कान्हा आणि पेंच यांना जोडणारे रान बालाघाट आणि सिवनी या जिल्ह्यांतूनच जाते. पण दिसेल तो बहुधा पंज्याचा ठसा, झाडावरचा ओरखडा, फार तर दूरवर चितळाचा इशारा. तोच कॅमेरा, तीच लेन्स घेऊन मुक्कीतून आत जा. तिथे वाघ दुपारी तीन वाजता पर्यटकांच्या उघड्या जिप्सी गाडीला वळसा घालून पुढे जाईल. यंत्र तेच, साल तेच, जिल्हाही तोच. बदलले ते एकच: जनावराला माणसाचा आलेला अनुभव.

दुसरा आक्षेप जीवशास्त्राचा. वाघ मूळचाच रात्री फिरणारा. त्याला भित्रा ठरवून इतिहास रचण्याचे कारण काय? मूळचा कल रात्रीकडे आहे हे कबूल. पण कल आणि सक्ती यांत फरक असतो. नेपाळच्या चितवनमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की माणसांची वर्दळ असलेल्या त्याच वाटा वाघही वापरतात, पण आपले चालणे अधिकाधिक रात्रीवर ढकलून. पुढे २०१८ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यात निरनिराळ्या खंडांतल्या ६२ जातींच्या सस्तन प्राण्यांची माहिती एकत्र केली, तेव्हाही निष्कर्ष तोच निघाला: माणूस जवळ आला की जनावरे रात्रीकडे सरकतात. स्वित्झर्लंडचे प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर यांनी ‘पलायन-अंतर’ ही कल्पना मांडली, म्हणजे शत्रू किती जवळ आला की जनावर पळते ते अंतर. आणि हे अंतर जातीगणिक वेगळे असले तरी अनुभवाने कमी-जास्त होते, हे त्यांच्या मांडणीचे मर्म. कान्हात ते कमी झाले ते माणसाबद्दल नव्हे, जिप्सीबद्दल, हेही लक्षात घ्यायला हवे. जिप्सीत उभे राहून कॅमेऱ्याचे खटके वाजवणाऱ्या पर्यटकाला जो वाघ हिंग लावून विचारत नाही, तोच पायी चालणाऱ्या फॉरेस्ट गार्डला पाहून गवतात दिसेनासा होतो. जिप्सी हे एका अर्थी चाकांवरचे लपण झाले आहे. महायुद्धानंतर जीपने जे अंतर भीतीने वाढवले, तेच तिच्या नातवाने कमी केले, ही थोडी गंमतच.

आता याच इतिहासाने पिशवीतल्या लेन्सचा हिशेब कसा सोपा होतो ते पाहू. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातले पर्यटन काही महिने थांबवले होते; ते पुन्हा सुरू होताना राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची जी मार्गदर्शक तत्त्वे आली, त्यांत पर्यटकाने कोणत्याही वन्य प्राण्यापासून २० मीटरपेक्षा अधिक अंतर राखावे असे आहे. २० मीटर म्हणजे जुन्या मचाणावरून गाऱ्याकडे रोखलेल्या बंदुकीच्या आसपासचेच अंतर. पूर्ण आकाराचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो. २० मीटरवर ३०० एमएमची लेन्स रोखली, की चौकटीत मावते ती २.४ मीटर रुंदीची जागा. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतचा मोठा वाघ आणि त्याच्या पुढे-मागे थोडी मोकळी हवा, एवढ्याला ती नेमकी पुरते. तिथेच ६०० एमएम लावली तर चौकट १.२ मीटरवर येते; म्हणजे डोके, मान, खांदा आणि बास. गव्यासारखे धूड असेल तर २०० पुरे होते. लहान सेन्सरचा कॅमेरा असेल तर हे सगळे आणखी आवळते. ३०० ला जेमतेम १.६ मीटर उरतात आणि वाघाचा मागचा पाय कापला जातो. पूर्वी कान्हात सकाळी माहूत हत्तीवरून वाघ शोधून ठेवत आणि पर्यटकांना आळीपाळीने हत्तीवर बसवून तिथे नेत. त्या ‘टायगर शो’त तर वाघ इतका जवळ असे की ज्यांनी भारी लांब लेन्स आणली त्यांना वाघाचे कान नाहीतर मिशा, यांतले एकच निवडावे लागे. तो प्रकार आता बंद आहे. पण रस्त्यावरचा वाघ अजूनही पुष्कळदा वीस-तीस मीटरवरच भेटतो. ५० मीटरवर मात्र ६०० एमएमला तीन मीटर मिळतात आणि ती शोभते.

तेव्हा गाभ्यातल्या रानासाठी लांबीपेक्षा उजेड मोलाचा आहे, असे माझे मत पडते. मुक्कीच्या बाजूला सालाचे घनदाट रान. हिवाळ्यात साडेसहाला दरवाजा उघडतो तेव्हा रस्त्यावर धुके आणि निळसर अंधार असतो आणि वाघ चालतो ती हीच वेळ. एफ ४ ची लेन्स एफ ६.३ च्या लेन्सच्या जवळजवळ अडीचपट उजेड आत घेते, एफ २.८ आणि एफ ५.६ यांत तर चौपटीचा फरक. कुणी म्हणेल, मग ६०० एफ ४ घ्यावी, लांबीही आणि उजेडही. घ्यावी, पण तिच्या पुढच्या काचेचा व्यास मग १५० मिलिमीटर भरतो आणि किंमत गाडीच्या किमतीशी बोलू लागते. वजनात मात्र कारखान्यांनी कमाल केली आहे: कॅननची १९८८ सालची ६०० एफ ४ सहा किलोच्या घरात होती, २०१८ ची तीन किलोच्या जरा वर. जिप्सीत तिकाठीला जागा नसते. तिथे बीन बॅग लागते. ती रिकामी न्यायची आणि मुक्कामी पोचल्यावर तांदूळ किंवा राजमा भरायचा. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तो मात्र बीन बॅगेत घालणाऱ्याला पंक्तीला बसवू नये. आणि ज्यांना वाटते की लांब लेन्स मैदानाच्या पलीकडचे बारासिंगेही ओढून आणील, त्यांनी मे महिन्यात सकाळी नऊनंतर कान्हाच्या मैदानावर लेन्स रोखून पाहावी. तापल्या जमिनीवरून हवा थरथरत वर उठते, शिंगे पाण्यात बुडवल्यासारखी वाकडी दिसतात. मृगजळ किती एमएमचे, याला उत्तर नसते. लेन्स जितकी लांब तितके मृगजळ स्पष्ट.

तर मग लांब लेन्स कुणी घ्यावी? ती लागते गेटच्या बाहेरच्या माणसाला, आणि ही गोष्ट लेन्सच्या बाजारात कुणी सांगत नाही. भरवेलीचा जो मुलगा खाणीतली पाळी संपवून सायकलने गांगुलपाऱ्याच्या तलावाकडे जातो, त्याच्यासमोर २० मीटरचा नियम नाही. तिथे अंतर जनावर ठरवते. तलावावरची बदके, पाणकोंबड्या, काठावरचा खंड्या यांनी गलोलही पाहिली आहे आणि जाळेही. गेटाच्या आत जे चितळ रस्त्याच्या कडेला चरत राहते, ते इथे माणूस दिसला की शेपटी उभारून नाहीसे होते. दहा मीटरवरच्या वीतभर पक्ष्यावर ६०० एमएम रोखली तरी तो चौकटीच्या पाव-तिसऱ्या भागापुरताच येतो, आणि इथला पक्षी दहा मीटरवर कधी बसू देतो? म्हणजे ज्याच्या खिशाला सर्वांत कमी परवडते त्यालाच सर्वांत लांब लेन्स लागते. १५० ते ६०० एमएमच्या झूम लेन्स सिग्मा-टॅमरॉनने गेल्या दशकात आणल्या, निकॉनने २०१५ मध्ये २०० ते ५०० ची एफ ५.६ काढली, अशा लेन्सचे खरे गिऱ्हाईक हे लोक आहेत. उजेडाला त्या कमी पडतात, पण उघड्या तलावावर ऊन भरपूर असते.

यावर कुणी असेही म्हणेल की मग लेन्सवर एवढे बोलायचे तरी कशाला. आपल्याकडे रान पाहिले गेले ते डोळ्यांनी आणि वहीने. खाली नागझिऱ्यात व्यंकटेश माडगूळकर वानरांच्या टोळ्यांमागे हिंडले आणि ‘सत्तांतर’ लिहिले. नवेगावला मारुती चितमपल्ली पक्ष्यांची नावे पारध्यांकडून, ढिवरांकडून, गोंडांकडून टिपत राहिले. दोघांच्याही हाती लांब भिंग असते तर लेखन अधिक चांगले झाले असते, असे कोण म्हणेल? पण हा दाखला माझ्या बाजूचाच आहे. पायी हिंडणाऱ्या माणसाला जनावरांनी जवळ येऊ द्यावे म्हणून त्यांनी महिने, वर्षे घातली. अंतर कमी केले ते वेळ खर्चून. लेन्स हा तो वेळ पैशाने विकत घेण्याचा प्रकार आहे, आणि दोन दिवसांची रजा काढून आलेल्या माणसाकडे दुसरे असते तरी काय?

भरवेलीच्या आसपासच्या डोंगरांत आज वाघ-बिबट्यांची जी छायाचित्रे निघतात त्यांत टेलिफोटो नसतेच. वनखात्याच्या माणसांनी झाडाच्या बुंध्याला, गुडघ्याएवढ्या उंचीवर, वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बांधलेल्या त्या पेट्या असतात. जनावराच्या अंगची ऊब वाटेवरून सरकली की त्या आपोआप टिपतात. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत अशा पेट्या २६,८३८ ठिकाणी लावल्या होत्या आणि ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे निघाली. त्यांतली वाघांची ७६,६५१. दोन्ही बाजूंनी बांधतात, कारण वाघाच्या डाव्या अंगाचे पट्टे उजव्यासारखे नसतात आणि ओळख पटवायला दोन्ही लागतात. चॅम्पियन यांच्या तारेची जागा अवरक्त किरणांनी घेतली, एवढाच फरक. अंतर तेच, दोन-चार पावलांचे. वेळही तीच, रात्रीची. आणि पेटी बांधणारा माणूस काम उरकून खाणीच्या रस्त्याने घरी निघून गेल्यावरच वाघ तिच्यासमोरून जातो.